शेवटचा हात

१

सभागृहातला हीटर कुणी लावायचा, यावरून तालमीआधी रोज वाद व्हायचा. हीटर जुना होता. बटण दाबलं की बोटाला झटका बसायचा, आणि नवा घेऊ म्हटलं की समिती कानावर हात ठेवायची. फलक रंगवायला मात्र समितीला कधी काही कमी पडलं नाही. दारावर केवढा तरी फलक टांगला होता, ‘हिवाळी लोकसंगीत व नृत्य महोत्सव’, आणि खाली लाल अक्षरांत, ‘सगळ्यांचा उत्सव, सगळ्यांसाठी’. मास्तरीण रोज त्या फलकाखालून आत शिरायची आणि रोज तिच्या कपाळाला आठी पडायची.

तिला मास्तरीण म्हणायचे ते ती शाळेत गाणं शिकवायची म्हणून. आणि त्याहून जास्त, भेटेल त्याची चूक काढायची म्हणून. कॉलेज संपवून ती याच वर्षी परत आली होती. तिला लहानाची मोठी केली आत्याने, आणि त्याच आत्याने इतकी वर्षं उत्सवाचा नाच बसवला होता. यंदा आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले. समितीचे अध्यक्ष औषधवाले काका. चौकातलं औषधांचं दुकान आणि अध्यक्षपद, दोन्ही त्यांना वडिलांकडून आलेलं. ते म्हणाले, “मग तुझ्या भाचीला घे की हाताशी. शिकलेली आहे, बसवेल नाच. तू आपली पुढं उभी राहा फक्त.”

नाच सोपा होता. बायका एकीमागे एक, हातात हात धरून साखळी करायच्या. सगळ्यांत पुढे आत्या. प्रत्येकीच्या बुटाच्या टाचेला पत्र्याची पट्टी ठोकलेली, त्यामुळे पाय आपटला की फळ्यांवर खण्णकन आवाज उठायचा. गाण्याचं धृपद एकच, पुन्हा पुन्हा: “हात नको सोडू सये, थंडी आहे फार.” शेवटच्या फेरीत साखळी मागच्या काळ्या पडद्याच्या एका टोकाने आत शिरायची आणि दुसऱ्या टोकाने बाहेर यायची. पडद्यामागे शेवटून दुसरीने शेवटचीचा हात सोडायचा. शेवटची एकटी मागून चालत यायची, आणि बाहेर आल्यावर तिचा हात पुन्हा धरायचा. तेवढा वेळ प्रेक्षकांनी मान खाली घालून टाळ्यांचा ठेका द्यायचा. मास्तरीण लहान असताना तीही प्रेक्षकांत बसून आपल्याच तळव्यांकडे बघत टाळ्या वाजवायची. आत्या सांगायची, “नाचणारणींना मान देतात गं असा.” तेव्हा तिला ते पटायचं.

साखळीत जी शेवटी, तिला सगळे ‘शेपूट’ म्हणायचे. यंदाची शेपूट लॉन्ड्रीतली मुलगी. थंडी सुरू व्हायच्या सुमारास ती या गावात आली. लॉन्ड्रीच्या माडीवर एका खोलीत राहायची. हातांवर इस्त्रीचे चटके, बोटं खळीने खरखरीत झालेली. गावात तिचं कुणी नव्हतं.

“काय शेपूट, आज उशीर?” ढोलवाला विचारायचा.

“चादरी होत्या लॉजच्या,” ती हसून सांगायची.

“तिला शेपूट म्हणू नका,” मास्तरीण म्हणायची.

“मग काय डोकं म्हणू? डोकं तुझी आत्या आहे.”

सगळे हसायचे. लॉन्ड्रीतली मुलगीही हसायची, आणि मास्तरणीला सगळ्यांत जास्त राग त्याचाच यायचा.

२

तालमीत मास्तरीण खाली रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध उभी राहायची आणि डोळे मिटून पाय ऐकायची. कोण ठेका चुकतंय हे बघण्यापेक्षा ऐकूनच नीट कळतं, असं तिचं मत होतं.

त्या संध्याकाळी साखळी पडद्यामागे गेली. खण्ण, खण्ण, खण्ण. पडद्यामुळे आवाज दबलेला, पण सरळ. मग हात सुटल्याची ती छोटी अडखळ. मग एकटे पाय, लॉन्ड्रीतल्या मुलीचे, खण्ण. आणि त्याच्यामागे, किंचित उशिरा, थप्प.

ओल्या फरशीवर अनवाणी पाऊल पडावं तसा.

“थांबा,” मास्तरीण म्हणाली. “अनवाणी कोण नाचतंय?”

साखळी बाहेर येऊन थांबली. सगळ्यांनी टाचा उचलून दाखवल्या. सगळ्यांच्या पट्ट्या जागेवर होत्या.

“मला स्वच्छ ऐकू आलं. कुणीतरी ठेक्याच्या मागं पडतंय.”

“मास्तरीणबाई, इथं नसलेल्या माणसाचीही चूक काढा आता,” ढोलवाला म्हणाला, आणि हशा पिकला.

दोघी वयस्कर बायका मात्र हसल्या नाहीत. त्या खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत राहिल्या. नाचाच्या बुटांना नाड्या नसतात, हे मास्तरणीला घरी पोचल्यावर आठवलं.

पुढच्या तालमीला तिने मुद्दाम लक्ष दिलं. खण्ण, थप्प. फळी सैल असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. सुताराला बोलावलं. सुताराने फळ्या ठोकून बघितल्या आणि “दगडासारख्या आहेत,” म्हणून निघून गेला.

३

तालीम संपल्यावर मास्तरीण आणि लॉन्ड्रीतली मुलगी एका वाटेने घरी जायच्या. धुकं इतकं असायचं की रस्त्यावरचे दिवे नुसते पिवळे डाग वाटायचे. मुलगी हात काखेत घालून चालायची.

“ताई, एक बोलू? रागावणार नाही ना?”

“मी काय सारखी रागावते?”

मुलगी या प्रश्नावर शहाणपणाने गप्प राहिली. मग म्हणाली, “पडद्यामागं तुम्ही माणूस ठेवलंत ते फार बरं केलंत. अंधारात मला भीतीच वाटायची, धडपडेन म्हणून. वहिनींनी हात सोडला की त्या लगेच धरतात.”

वहिनी म्हणजे पोस्टातल्या वहिनी. साखळीत मुलीच्या पुढे त्या असायच्या.

“कोण धरतं?” मास्तरणीने विचारलं.

“ज्या ठेवल्यात तुम्ही त्या. मागून येतात. बोलत नाहीत काही. बाहेर यायच्या आधी सोडतात.” मुलीने हातावर फुंकर घातली. “पण त्यांचा हात फार गार असतो हो. एखादे लोकरीचे हातमोजे द्या त्यांना. माझ्याकडं जास्तीचे आहेत, ते आणू का?”

मास्तरीण चालत राहिली. थांबली असती तर मुलीला कळलं असतं.

“आज जरा जास्त वेळ धरला त्यांनी,” मुलगी म्हणाली. “सोडवेना त्यांना. एकट्याच असतील बिचाऱ्या.”

लॉन्ड्रीच्या दाराशी मास्तरीण म्हणाली, “तू यंदा नाचू नकोस.”

मुलीचा चेहरा असा पडला की मास्तरणीला आपण तिच्या तोंडात मारल्यासारखं वाटलं. “का? माझं काही चुकतंय?”

“तुझं नाही चुकत.”

“मग राहू द्या ना, ताई. दुकानात लोक कपडे टाकतात, कपडे नेतात, माझ्याकडं मान वर करून कुणी बघत नाही. इथं मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, ये, आमच्यात नाच. औषधवाले काका स्वतः दुकानात आले होते बोलवायला.”

स्वतः आले होते. मास्तरणीच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या काकांना शेजाऱ्याच्या मयताला जायला सवड नसते, ते लॉन्ड्रीच्या पायऱ्या चढून गेले होते.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सभागृहाची किल्ली घेतली आणि एकटी पडद्यामागे गेली. टॉर्च होता. उगाच घाबरायचं नाही, असं ठरवूनच गेली होती. मुलगी एकटी आहे, थकलेली असते. अंधारात आपलाच एक हात दुसऱ्या हाताला लागला असेल. माणूस एकटं असलं की त्याला सोबतीचे भास होतात, यावर कॉलेजात तिने एक निबंधही लिहिला होता. निबंधाला चांगले गुण मिळाले होते.

मागे भिंत होती. दार नाही, खिडकी नाही, कोनाडा नाही. भिंत आणि पडदा यांच्यामध्ये दोन माणसं खांद्याला खांदा लावून चालतील एवढी जागा. चुना ताजा, याच हिवाळ्यात दिलेला. पण कमरेच्या उंचीवर एक पट्टा घासून गुळगुळीत झाला होता, कुणी भिंतीवरून हात ओढत चालावं तसा. पट्टा डावीकडून सुरू होत होता. मधोमध येऊन एकदम संपत होता. तिथे पुढे नुसती भिंत होती, पांढरी, कोरी, हात लावला तर थंडगार.

ती बाहेर आली तेव्हा तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता, आणि संतापाचा एक फायदा असतो: तो माणसाला सरळ रेषेत चालायला लावतो. ती सरळ समितीच्या बैठकीत गेली.

“पडद्यामागं साखळी का तोडायची?” तिने विचारलं.

औषधवाले काका चहा बशीत ओतत होते. “अगं, जागा अरुंद आहे तिथं.”

“दोन माणसं आरामात चालतात. मी आत्ताच चालून आले.”

“मग पद्धत आहे.”

“आत्ता अरुंद होती. लगेच पद्धत झाली?”

“कॉलेजात पाठवली हीच चूक झाली तुझ्या आत्याची,” ढोलवाला म्हणाला. दोन-चार जण हसले.

“मागच्या वर्षीची शेपूट कोण होती?”

“होती की,” कुणीतरी म्हणालं. “बेकरीत कामाला होती ती.”

“ती नाही, ती त्याच्या आधीची,” ढोलवाल्याने दुरुस्ती केली. “मागच्या वर्षीची दवाखान्यात फरशी पुसायची.”

“आता कुठं आहे?”

काकांनी बशी तोंडाला लावली, भुरका मारला, खाली ठेवली. “गेली असेल. थंडीत काय, माणसं येतात, जातात.”

“उत्सवानंतर तिला कुणी बघितलं?”

खोलीत हीटरची गुणगुण तेवढी होती. इतकी माणसं एका वेळी मूग गिळून बसलेली तिने कधी पाहिली नव्हती, आणि त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिला खरी चीड आली ती त्याची. ती बोलत होती ते त्यांना नवीन नव्हतं. फक्त मोठ्याने बोललेलं त्यांना आवडलं नव्हतं.

“काका, तुमची सून का नाही उभी राहत शेवटी?”

“ती उंच आहे. शेवटी बुटकी लागते, दिसायला बरं दिसतं.”

“लॉन्ड्रीतली मुलगी तुमच्या सुनेपेक्षा उंच आहे.”

काका तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचून ते कधीकधी गिऱ्हाइकाकडे बघायचे, तसे.

“हे बघ पोरी,” ते हळू आवाजात म्हणाले, “गाव नीट चाललंय. कुणाच्या घरात हिवाळ्यात काही वाईट झालेलं नाही, किती वर्षांत. तुझ्याही घरात नाही. ते चालू दे.”

पोलिसांत जावं, असा विचार तिच्या मनात आला. पण जाऊन सांगणार काय? एका बाईचा हात गार आहे?

५

आत्या स्वयंपाकघरात पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांना तेल चोळत. मास्तरणीने तिच्या हातातून वाटी घेतली आणि समोर बसून चोळायला लागली.

“आत्या, पडद्यामागं कोण असतं?”

“कुणी नसतं.”

“मग हात का सोडायचा?”

“जरा वर. हां, तिथं.” आत्याने डोळे मिटले. “सोडायचा म्हणजे काय, सुटतोच तो. त्या बाजूनं ओढ लागते.”

“कोण ओढतं?”

“मला काय माहीत? मी पुढं असते. पुढचीनं मागं बघायचं नसतं.”

“इतकी वर्षं एकदाही बघितलं नाहीस?”

आत्याने गुडघा जरा आखडून घेतला.

“तू मला शिकवलंस, खोटं बोलायचं नाही, कुणाला कमी लेखायचं नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं नाही. आणि दर हिवाळ्यात तू एक पोरगी तिथं घेऊन जातेस. गाणं म्हणत. हात नको सोडू सये.”

“तुझ्या वयाची होते तेव्हा मीही असंच बोलायचे.”

“मी तिचा हात धरणार आहे. वहिनींना एक जागा पुढं सरकवते आणि त्यांच्या जागी मी राहते. मी सोडणार नाही.”

“सगळ्या असंच म्हणतात.” आत्याने आता डोळे उघडले. त्यांत राग नव्हता, नुसता शीण होता. “सोडशील गं. तूही सोडशील. आणि मी तुला एका शब्दानं बोलणार नाही. मी तुला वाढवलं ते काय उगाच?”

मास्तरणीने तेलाची वाटी फरशीवर आपटली नाही. नुसती ठेवली. पण त्या रात्री ती आत्याशी बोलली नाही, आणि सकाळीही नाही.

६

उत्सव दुपारी असायचा. उंच खिडक्यांतून पांढरट ऊन आत येत होतं आणि खच्चून भरलेल्या सभागृहात माणसांच्या श्वासाची वाफ दिसत होती. आधी बासरी झाली, मग शाळेतल्या मुलांची गाणी. कुणी पोरांना मांडीवर घेऊन दाणे सोलत बसलं होतं, कुणी नवा स्वेटर दाखवत होतं. या सगळ्यांना माहीत आहे, असं मास्तरणीला वाटलं. किंवा निम्म्यांना माहीत आहे आणि निम्म्यांनी माहीत करून घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. दोन्हींत फार फरक नाही.

विंगेत औषधवाले काका मुलीच्या मनगटाला लाल रेशमी फीत बांधत होते. “शेपटाचा मान,” ते म्हणाले, आणि मुलगी लाजली. तिने काखेत काहीतरी दाबून धरलं होतं. लोकरीचे हातमोजे.

“ते ठेव इथं,” मास्तरीण म्हणाली. “आज तुझा हात मी धरणार. शेवटपर्यंत.”

“मग त्यांचं काय?”

“त्यांचं त्या बघतील.”

पोस्टातल्या वहिनी एक जागा पुढे सरकल्या. “मी तर दर वर्षी डोळे मिटूनच सोडते, बाई,” त्या पुटपुटल्या. काकांनी मास्तरणीला वहिनींच्या जागी उभी राहिलेली बघितली, आणि अडवलं नाही. ते तिला तेव्हाच खटकायला हवं होतं.

ढोल सुरू झाला. साखळी निघाली. खण्ण, खण्ण. मास्तरणीच्या पुढच्या हातात वहिनींचा घामेजलेला हात, मागच्या हातात मुलीचा. खरखरीत बोटं, अंगठ्याखाली चटक्याची उंचवट्यासारखी खूण. तिने ती खूण अंगठ्याने नीट चाचपून घेतली, किल्ली चाचपतात तशी. शेवटची फेरी आली. खाली एकेक मान झुकायला लागली, वाऱ्याने पीक आडवं व्हावं तशी, आणि टाळ्यांचा ठेका सुरू झाला.

पडद्याच्या आत पाऊल टाकलं आणि ढोल दूर गेला. इतका दूर, की शेजारच्या गावात वाजत असावा. पुढे फटीतून उजेडाची एक रेघ. डावीकडे भिंत. आत्याचे पाय, मग बाकीचे, एकेक करून उजेडात जात होते.

मधोमध ओढ लागली.

ती जोरात नव्हती. पाहुणा निघाला की लहान मूल पदर धरतं, तशी. ती मास्तरणीला नव्हे, तिच्या मागे मुलीला लागली होती, आणि मुलीच्या हातातून तिच्यापर्यंत पोचत होती. तिने मूठ आवळली.

“ताई, दुखतंय,” मुलगी हळूच हसून म्हणाली.

“दुखू दे.”

पुन्हा ओढ. आता खांद्यापर्यंत कळ गेली. भिंतीवरून कुणीतरी हात ओढत आल्यासारखा खर्र आवाज झाला, जवळ आला आणि थांबला. थप्प. मास्तरणीला समितीचे सगळे चेहरे आठवले, बशीतला चहा आठवला, ‘माणसं येतात, जातात’ आठवलं, आणि रागाने तिच्या बोटांत असं बळ आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. ती पुढे रेटत राहिली. ओढ सैल पडली. मग थांबली. हातातला हात हातातच होता.

सुटला नव्हता. एवढंच तर करायचं होतं. इतक्या वर्षांत इतक्या बायकांना एवढंसं जमलं नव्हतं.

तिने पडद्यातून पाऊल बाहेर टाकलं. तोंडावर ऊन आलं. मागचा हात अजून पडद्याच्या घडीत होता. तिने विजयाने अंगठा पुढे सरकवला, चटक्याच्या खुणेवरून फिरवायला.

खूण नव्हती. बोटं खरखरीत नव्हती. गार होती, आणि तिने धरलं होतं त्यापेक्षा घट्ट त्यांनी तिला धरलं होतं. अंगठ्याला मनगटावरची फीत लागली. तिच्यावर आणखी एक फीत. तिच्यावर आणखी. कोपरापर्यंत फिती होत्या, एकीवर एक. उजेडात आलेल्या थोड्याशा भागात तिला दिसलं: खालच्या विटून मातीच्या रंगाच्या झालेल्या, वरच्या अजून लालसर. काही मनगटात रुतलेल्या. त्यांच्या वर पडद्याची काळी घडी होती, आणि ती घडी कुणाच्या तरी श्वासाने आत-बाहेर होत होती.

आणि फार मागून, जिथे भिंत होती त्याच्याही मागून, लॉन्ड्रीतल्या मुलीचा आवाज आला.

“ताई? माझा हात का सोडलात?”

७

“वर बघा,” मास्तरीण म्हणाली.

सभागृहात टाळ्या चालू होत्या. ठेक्यात, एकसारख्या.

“वर बघा सगळ्यांनी. एकदा तरी बघा, काय करताय तुम्ही.”

एकही मान वर झाली नाही. पहिल्या रांगेत औषधवाले काका आपल्या तळव्यांकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर धृपद होतं. साखळीच्या पुढच्या टोकाला मात्र आत्या थांबली होती. वळली होती. तिने भाचीकडे बघितलं, मग तिच्या मागे, पडद्याच्या घडीकडे, आणि आत्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं.

“माफ करा हं,” पोस्टातल्या वहिनी पुटपुटल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी मास्तरणीचा हात सोडला.

आता ती शेवटची होती. तिला कळलं, काकांनी का अडवलं नाही. आणि हेही कळलं, की नुसती मूठ उघडली तर ती उन्हात मोकळी उभी राहील. बोटं गार होती, पण ती आता ओढत नव्हती. वाट बघत होती. तू सोडशील, आत्या म्हणाली होती.

मास्तरणीने पकड आणखी आवळली, त्या गार हाताच्या बोटांत आपली बोटं गुंतवली, आणि पाठ सभागृहाकडे केली.

“चल,” ती त्या हाताला म्हणाली, जशी वर्गात मागच्या बाकावरच्या पोरीला म्हणायची तशी. “दाखव मला, सगळ्या कुठं आहेत.”

पडद्याची घडी हलली आणि तिच्यामागे मिटली.

ढोलवाल्याने शेवटचा ठोका दिला. माना वर झाल्या. पडद्याच्या टोकातून लॉन्ड्रीतली मुलगी एकटी बाहेर येत होती. पायांतले बूट गेले होते. अनवाणी पावलांचे फळ्यांवर ओले ठसे उठत होते. मनगटावर फीत नव्हती. टाळ्यांची सुरुवात झाली आणि मध्येच विरली, कारण उत्सवाच्या दिवशी जी बाहेर यायची नसते ती या वेळी आली होती, आणि ती हसत नव्हती.

“ताई कुठं आहेत?” तिने विचारलं.

तिने काकांकडे बघून पुन्हा विचारलं.

“गेली असेल,” काका खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले. “येईल. तू ये खाली, चहा घे गरम.”

“आत्ता माझ्या अंगाला घासून गेल्या. मला ढकललं उजेडाकडं.” मुलगी जागची हलली नाही. ती रंगमंचाच्या मधोमध खाली बसली, ओले पाय जवळ घेऊन. “पडदा वर घ्या.”

“अगं, पद्धत नाही तशी.”

“घ्या वर. मी इथून उठणार नाही.”

दोरी विंगेत होती. तिच्या जवळ ढोलवाला होता. तो ढोलाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. वहिनी रडत होत्या. मग साखळीच्या पुढच्या टोकाकडून कुणीतरी चालायला लागलं. खण्ण. खण्ण. गुडघे दुखणाऱ्या माणसाची चाल. आत्याने दोरी दोन्ही हातांनी धरली, पाय फळ्यांवर रोवले आणि ओढली.

वरची कप्पी किंचाळली. काळा पडदा फळ्यांपासून बोटभर उचलला गेला, मग वीतभर. खालून गार हवा बाहेर आली आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचली.

पहिल्यांदा काकांची मान खाली गेली. मग त्यांच्या सुनेची. मग रांगेमागून रांग, सगळं सभागृह, आणि कुणीतरी सवयीने टाळ्यांचा ठेकाही धरला.

आत्या ओढत राहिली. मुलीने मान वळवली आणि ती बघत राहिली.